चौथा गडी कुठे मिळेल?

दिवाळीत घर भरलेले असते तेव्हा अष्टाचम्म्याच्या पटाभोवती बसायला जागा पुरत नाही. भाऊबीज झाली की कोणी पुण्याला, कोणी बेंगळुरूला, आणि कवड्या परत डब्यात! भालकीच्या आमच्या आत्या एकदा म्हणाल्या, "खेळ येतो रे, पण गडी कुठं हाय?"

ते ऐकून भाच्याने घरच्या व्हॉट्सअॅप गटावर लिहिले, "ऑनलाइन खेळूया का?" अकरा जणांनी अंगठा दाखवला. रविवारी आले दोघेच. आत्या फोनपुढे तासभर बसून राहिल्या.

दोष कोणाचा नव्हता, निरोपच अपुरा होता. लग्नपत्रिकेत मुहूर्त छापला नाही तर वऱ्हाड कसे जमायचे? पुढच्या वेळी भाच्याने लिहिले, "शनिवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ. अष्टाचम्मा. चार गडी हवेत. मराठी, कन्नड दोन्ही चालेल. नवख्यांना शिकवू." चौघे जमले.

पण पहिल्याच डावात वाद! धाकट्या सूनबाई कलबुर्गीच्या. त्यांच्या माहेरी याच खेळाला चौका बारा म्हणतात. चारही कवड्या उताण्या पडल्या की आपला चम्मा तो त्यांचा चौका. चारही पालथ्या पडल्या की आपला अष्टा तो त्यांचा बारा. नावांचे काही अडत नाही. पण दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येते का, हा नियम घरोघरी वेगळा. तेव्हापासून पहिले दान पडण्याआधीच नियम ठरतो. प्रत्येक घरी खडूने तोच पंचवीस घरांचा पट आखायचा, कवड्या कॅमेऱ्यासमोर टाकायच्या आणि प्रत्येक चाल सगळ्या पटांवर चालायची. बस्स, एवढेच!

घरात गडी नसतील तर बाहेर शोधावे लागतात. 'बोर्ड गेम अरेना' 2010 पासून चालू आहे. तिथे खेळाचे टेबल मांडून ओळखीच्यांना बोलावता येते किंवा अनोळखी गड्यांची वाट पाहता येते. वेळ जुळत नसेल तर सवड मिळेल तशी एकेक चाल खेळण्याची सोयही आहे. पाळीवर जाणाऱ्या मुलाला ती बरी. बुद्धिबळासाठी 'लिचेस' फुकट आहे आणि तिथे आपला संघ करता येतो. बीदर-कलबुर्गीच्या मुलांचा एखादा संघ का असू नये? आपली मुले मराठीत हसतात, कन्नडमध्ये भांडतात. दोन्हीकडचे गडी त्यांना मिळू शकतात. निरोपात दोन्ही भाषा लिहायला मात्र विसरू नये.

अनोळखी गड्यांशी पहिला डाव लहान खेळावा. सूर जुळले तर वार ठरवावा. मुले खेळत असतील तर मोठ्यांनी जवळ बसावे. घरचा पत्ता, शाळेचे नाव कोणाला सांगू देऊ नये. कोणी पैसे लावायला सांगितले तर तिथून उठावे. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्राने 2025 साली केला आहे.

खेळाचा आपल्या मातीशी संबंध जुना आहे. आजच्या बसवकल्याणला, म्हणजे तेव्हाच्या कल्याणीला, राजधानी असलेल्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात बुद्धिबळ आहे, फासे आहेत, कवड्याही आहेत. राजाला गडी शोधत हिंडावे लागले नसेल. आपल्याला शोधावे लागतात, एवढाच फरक.

तेव्हा वाचकहो, या आठवड्यात घरच्या गटावर नुसते "खेळूया का?" लिहू नका. खेळ, वार, वेळ, गडी आणि भाषा लिहा. आणि घरातल्या आजीला किंवा अव्वाला पहिली जागा राखून ठेवा. आमच्या आत्या आता शनिवारी जेवण आठच्या आत उरकतात.