चालतंय तोवर चालू द्या?

दिवाळी सरते, पहाटेचा गारठा अंगाला लागू लागतो आणि घराघरांतून एकच बोलणे ऐकू येते, "एवढा हिवाळा काढील ना हा गिझर?" उत्तरही ठरलेले असते, "चालतोय ना अजून? मग चालू द्या."

कष्टाचा पैसा जपून वापरणाऱ्या आपल्या घरांत हे उत्तर सहज येते. चपलेला आपण तीन वेळा टाका घालतो, मोठ्याचा गणवेश धाकट्याला पुरवतो. ही काटकसर वाईट नाही. तिच्यावरच आपली घरे उभी राहिली, मुले शिकली. पण चप्पल तुटली तर फार तर अनवाणी घरी यावे लागते. गॅसचा गिझर बिघडला तर काय होते, हे दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरात आम्ही पाहिले. वाचक बंधू-भगिनींनो, सांगायला संकोच वाटतो, कारण चूक आमचीच होती. पण सांगितले पाहिजे.

चाळीतली खोली सोडून आम्ही इमारतीत राहायला आलो, त्या वर्षीच्या बोनसमधून हा गिझर घेतला होता. त्याआधी आमच्या आईचे सारे आयुष्य स्टोव्हवर पाण्याची पातेली चढवण्यात गेले. नळ सोडला की गरम पाणी येते, याचे आम्हा सगळ्यांना कोण कौतुक! पाहुणा आला तरी आधी त्याला बाथरूम दाखवायचो. अशी वस्तू टाकून द्यायला मन होत नाही. नऊ वर्षे झाली. एकदा डायफ्रामचे रबर कडक झाले, ३५० रुपये गेले. पुढच्या वर्षी ठिणगी पडेना, ७०० गेले. मग ज्योत पिवळी दिसू लागली आणि वरच्या भिंतीवर काळा पट्टा उमटला. वस्तीतलाच एक मुलगा गिझर दुरुस्तीचे काम करतो. त्याने झाकण उघडले आणि मान हलवली.

"काका, कॉइल काजळीने जाम झाली आहे. नवीन टाकायची तर २४०० रुपये लागतील. त्यापेक्षा हा काढा, नवा घ्या. आणि तो बाथरूमच्या बाहेर लावा."

नवा ४८०० रुपयांना होता. घरात पुतणीच्या दहावीच्या क्लासची फी भरायची होती. आम्ही म्हणालो, "बघू रे. सध्या वरवर साफ करून दे. एवढा हिवाळा निघू दे."

त्याच महिन्यात वहिनींचे डोके दुखू लागले. रोज सकाळी, कपडे धुऊन झाले की. सगळ्यांच्या अंघोळी उरकल्यावर त्या शेवटी अंघोळ करायच्या आणि तिथेच बसून गरम पाण्यात कपडे धुवायच्या. गारवा येतो म्हणून वरची खिडकी आम्हीच पुठ्ठा लावून बंद केली होती. कोणी म्हणाले पित्त आहे, कोणी म्हणाले चष्म्याचा नंबर वाढला असेल. गोळी घ्यायची आणि कामाला लागायचे. आम्ही एकदा म्हणालोही, "वहिनी, गिझर तर त्रास देत नाही ना?" त्या हसून म्हणाल्या, "नाही हो भावजी, गिझर झकास चालतोय."

जानेवारीतल्या एका सकाळी पुतणी अंघोळीला गेली. तिची पूर्वपरीक्षा होती. पाणी पडत राहिले, ती काही बाहेर येईना. हाक मारली, दार वाजवले, उत्तर नाही. शेवटी खांद्याने कडी तोडली. पोरगी भिंतीला टेकून खाली पडली होती. उचलून गॅलरीत आणले, तिथून रिक्षाने दवाखान्यात. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे का?" ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत ती बोलू लागली. दैव म्हणून नव्हे, तर वहिनींनी वेळेत हाक मारली म्हणून ती वाचली. मग डॉक्टर वहिनींकडे वळले, "घरात आणखी कोणाचे डोके दुखत होते का?" तेव्हा आम्हाला कळले की गिझर महिनाभर सांगतच होता. ज्या बाईच्या डोक्यातून तो सांगत होता, तिच्या दुखण्याकडे मात्र आम्ही पाहिले नव्हते.

यामागचे कारण समजून घेऊ. गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. एक किलो गॅसला साधारण बारा-तेरा घनमीटर. गिझर आपल्या शेगडीच्या चार-पाच बर्नरइतकी आग एकदम ओढतो. पूर्ण चालू असताना तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो. चार फूट बाय पाच फूट आणि आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेचार घनमीटर. म्हणजे दार-खिडकी बंद असेल तर पाव तासाच्या अंघोळीत खोलीतल्या किमान निम्म्या हवेइतकी हवा गिझरलाच लागते. हवा अपुरी पडली, किंवा काजळीने कॉइलची वाट अडली, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो. या वायूचा मात्र नाकाला काहीच पत्ता लागत नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू धरून ठेवते, पण हा वायू त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. मग पाय लुळे पडतात. धोका कळतो तेव्हा कडी काढण्याचीही ताकद उरलेली नसते.

म्हणून जुना गिझर बदलायचा की नाही, हे ठरवताना "चालतोय का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. आमचा गिझर त्या सकाळीही चालतच होता. पाणी कढत येत होते. विचारायचे ते असे, की तो चालताना काय करतो आहे?

काही खुणा अशा आहेत, की त्या दिसल्यावर हिशोब करत बसायचे नाही, गिझर त्याच दिवशी बंद करायचा. ज्योत निळी न राहता पिवळी-तांबूस झाली. गिझरवर किंवा भिंतीवर काजळी धरली. पेटताना 'भप्प' असा आवाज होऊन ज्वाळा बाहेर येते. नळ बंद केला तरी ज्योत विझत नाही. गॅसचा वास येतो. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे अंघोळीनंतर घरात कोणाचे डोके दुखते, पण बाहेर मोकळ्या हवेत गेले की बरे वाटते. पगार व्हायला दहा दिवस आहेत, परीक्षा तोंडावर आहे, पाहुणे येणार आहेत, यांतले कोणतेही कारण या खुणांपुढे चालत नाही. तोवर शेगडीवर पाणी तापवून बादलीने अंघोळ करावी. आपल्या आयांनी जन्मभर केली, त्यात कमीपणा नाही.

अशा खुणा नसतील तर मात्र जरूर हिशोब करावा. आमच्या घरात आता एक साधा नियम आहे. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्या किमतीला भिडला आणि वस्तू सात-आठ वर्षे वापरून झालेली असली, तर दुरुस्ती करायची नाही. हिशोबात मागच्या दुरुस्त्याही धरायच्या. आमचे ३५०, ७०० आणि होऊ घातलेले २४०० मिळून ३४५० रुपये होत होते. एवढ्यात नवा गिझर तीन हिस्से आला असता. उलट तीन वर्षांच्या गिझरचे रबर गेले किंवा सेल संपले म्हणून कोणी "नवाच घ्या" म्हणू लागला, तर त्याचे ऐकू नये. बिघडलेला भाग कोणता, त्याची किंमत किती, मजुरी किती, हे वेगवेगळे विचारावे आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा.

विजेच्या साठवणीच्या गिझरलाही हाच हिशोब लागू आहे. त्यातले थर्मोस्टॅट किंवा तापणारे एलिमेंट गेले तर बदलता येते. टाकीच गंजून झिरपू लागली तर मात्र ठिगळ लावू नये, गिझर बदलावा. बोअरचे जड पाणी असेल तर एलिमेंटवर क्षारांचे पांढरे कवच चढते. पाणी तापायला वेळ लागतो आणि बिल वाढते. ते वेळोवेळी साफ करून घ्यावे. पाण्याला हात लावताच झिणझिणी आली, तर त्या क्षणी मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे, अर्थिंग तपासून घ्यावे. ज्यांच्या बाथरूमला मोकळी हवा मिळूच शकत नाही, त्यांनी विजेचाच गिझर घेतलेला बरा. विजेने तापलेले १५ लिटर पाणी एका युनिटच्याही आत होते. बादलीत थंड पाणी मिसळले की दोघांच्या अंघोळी निघतात. मात्र २००० वॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढतो. दिव्याच्या छोट्या प्लगवर तो लावू नये. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि वेगळी जाड वायर हवी. हा खर्चही आधीच धरून ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. गॅसचा जुना गिझर काढून त्याच बंद बाथरूममध्ये, त्याच खिळ्यावर नवा टांगला तर पैसे पाण्यात गेले असे समजा. कोरा करकरीत गिझरही कोंदट खोलीत तोच विषारी वायू करतो. गिझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर गॅलरीत असावा आणि पाण्याचा पाइप तेवढा आत यावा. जळालेला वायू इमारतीच्या बाहेर मोकळ्यावर जावा, बंदिस्त डक्टमध्ये सोडू नये. खिडकीचा पुठ्ठा आजच काढावा. काही गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, पण त्यावर विसंबू नये. खरेदी करताना आयएसआयची खूण पाहावी. गॅसच्या गिझरवर आयएस १५५५८ आणि विजेच्या साठवणीच्या गिझरवर आयएस २०८२ हा क्रमांक असतो. गॅसची सुरक्षा नळीही पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावरची तारीख वाचावी. गळतीची शंका आली तर सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहावे, काडी ओढू नये. गॅस गळतीसाठी १९०६ हा तक्रारीचा क्रमांक आहे. तो भिंतीवर लिहून ठेवावा.

कोणी बेशुद्ध पडलेच तर आधी दार-खिडक्या उघडाव्यात, गिझर आणि सिलिंडर बंद करावा, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे. डॉक्टरांना "घरात गॅसचा गिझर आहे" हे आपणहून सांगावे. शुद्धीवर आला म्हणून घरीच ठेवू नये.

खरेदी कधी करावी? गिझर बंद पडल्यावर नव्हे. डिसेंबरात घाईने मिळेल ते आणि म्हणतील त्या किमतीला घ्यावे लागते, मिस्त्रीलाही वेळ नसतो. आम्ही आता भिशीचा नंबर उन्हाळ्यात घेतो. मे-जूनमध्ये ज्योत तपासून घेतो आणि बदलायचेच असेल तर पावसाळ्यात बदलतो. म्हणजे हिवाळा येईपर्यंत घर तयार असते.

एक शेवटची गोष्ट. नवा गिझर गॅलरीत लागला, तेव्हा घरात विचार निघाला की जुना गावी भावाकडे पाठवावा. गावाकडे काहीच नाही, त्यांना तेवढाच उपयोग होईल. आपल्यातली ही जुनी रीत आहे, जुनी साडी, जुना पंखा, जुना टीव्ही गावी जातो. पुतणी ऐकत होती. ती म्हणाली, "काका, तिकडेही मुलीच अंघोळ करतात ना?"

आम्ही काही बोललो नाही. हातोडी घेऊन त्याचा बर्नर ठोकून वाकवला आणि मगच तो भंगारवाल्याला दिला. ११० रुपये आले. त्याच पैशातून बाथरूमच्या दाराला नवी कडी आणली, बाहेरूनही उघडता येईल अशी.