निवडून दिले, पण बसू कोण देणार?

विधी महाविद्यालयांतून आणि विद्यापीठांतून अलीकडे एक खेळ बराच लोकप्रिय झाला आहे. अभिरूप न्यायालय आपल्या परिचयाचे आहे. हा त्याचाच चुलतभाऊ म्हणावा. एका देशात गोरगरिबांच्या मतांवर नवा राष्ट्राध्यक्ष निवडून आला आहे, अशी कल्पना करायची. मग भूमिका वाटायच्या. कोणी सेनापती, कोणी बँकेचा मालक, कोणी जमीनदार, कोणी संपादक, तर कोणी न्यायाधीश. या सर्व प्रस्थापितांनी मिळून नव्या राष्ट्राध्यक्षाची कोंडी करायची. चिठ्ठ्या सरकवायच्या, अफवा सोडायच्या, खटले भरायचे. ज्याचा डाव सरस, त्याला बक्षीस!

विद्यार्थ्यांनी हा खेळ जरूर खेळावा. निवडणूक जिंकणे आणि सत्ता हाती येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. हा खेळ सांगतो. परंतु या खेळात एक खुर्ची मांडलीच जात नाही. ती म्हणजे मतदाराची. जनता मत देते आणि खेळ सुरू होण्याआधीच घरी जाते. पुढे जे काही घडते ते मूठभरांचे आपापसात. प्रत्यक्षात असेच घडते काय? मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या छोट्या देशाचा अनुभव याचे उत्तर देतो.

या देशाच्या २०१८ च्या जनगणनेनुसार सुमारे ४४ टक्के लोक आदिवासी आहेत, त्यात बहुसंख्य माया. जमीन, बँका आणि न्यायालये मात्र पिढ्यान्‌पिढ्या काही घराण्यांच्या मुठीत. १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांनी पडीक जमिनी भूमिहीनांना देण्याचा कायदा केला. युनायटेड फ्रूट या अमेरिकन कंपनीच्या जमिनीला हात लागला आणि १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने घडवून आणलेल्या बंडाने त्यांची सत्ता गेली. १९६० ते १९९६ या काळात यादवी युद्ध चालले. दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. ज्यांची ओळख पटली त्या बळींपैकी ८३ टक्के माया होते, असे सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये नोंदविले.

अशा देशात २०२३ मध्ये भ्रष्टाचाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या 'सेमिया' या लहान पक्षाचे बर्नार्दो आरेवालो २५ जूनच्या पहिल्या फेरीत अनपेक्षितपणे दुसऱ्या क्रमांकावर आले आणि प्रस्थापितांची झोप उडाली. या वेळी रणगाडे निघाले नाहीत. कायद्याची पुस्तके निघाली. १२ जुलैला निवडणूक न्यायाधिकरणाने निकालावर शिक्कामोर्तब केले आणि त्याच दिवशी सरकारी अभियोग खात्याने एका फौजदारी न्यायाधीशाकडून पक्षाची मान्यताच स्थगित करून घेतली. कारण काय, तर पक्षनोंदणीच्या वेळच्या सह्या खोट्या होत्या म्हणे! निवडणूक चालू असताना पक्षाची मान्यता स्थगित करता येत नाही, असे तिथला निवडणूक कायदा स्पष्ट सांगतो. पण ज्यांच्या हाती कायदा त्यांनाच कायदा कोण शिकवणार?

घटनात्मक न्यायालयाने तो आदेश रोखला म्हणून दुसरी फेरी झाली. २० ऑगस्टला आरेवालो सुमारे ५८ टक्के मते मिळवून विजयी झाले. पण खरी लढाई त्यानंतर सुरू झाली. न्यायाधिकरणाच्या कचेरीवर छापे पडले, मतपेट्यांची खोकी फोडली गेली, सप्टेंबरअखेर मतमोजणीची मूळ पत्रके जप्त झाली. डिसेंबरमध्ये तर निवडणूकच रद्दबातल आहे, असे अभियोग खात्याने जाहीर करून टाकले. प्रत्येक कागदावर शिक्का, प्रत्येक आदेशावर सही. वकील म्हणून सांगतो, कायद्याच्या कागदांनी लोकशाहीचा गळा किती सफाईने आवळता येतो याचा हा वस्तुपाठ होता.

महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हाच धोका दाखवून दिला होता. संविधानाचे एक अक्षरही न बदलता, केवळ कारभाराची पद्धत बदलून संविधान निकामी करता येते, असे त्यांनी बजावले होते. म्हणून त्यांनी संवैधानिक नीतिमत्तेवर भर दिला. ग्वाटेमालात संविधान शाबूत होते. नव्हती ती नीतिमत्ता.

मग आरेवालो खुर्चीवर बसले कसे? इथेच त्या न मांडलेल्या खुर्चीचा प्रश्न येतो. २ ऑक्टोबर २०२३ रोजी तोतोनिकापान येथील '४८ कांतोनेस' ही माया गावांची परंपरागत संघटना आणि इतर आदिवासी पंचायती रस्त्यावर उतरल्या. देशभर महामार्ग अडवले गेले. राजधानीत अभियोग खात्याच्या मुख्यालयासमोर त्यांनी ठिय्या दिला. महाअभियोक्ता कॉन्सुएलो पोर्रास यांनी राजीनामा द्यावा आणि आमच्या मताचा मान राखावा, एवढीच मागणी. तो ठिय्या १०६ दिवस चालला. १४ जानेवारी २०२४ ला शपथविधी होता. जुन्या सभासदांनी तास न्‌ तास तो रेंगाळत ठेवला; मध्यरात्र उलटल्यावर शपथ झाली. त्यानंतर नवे राष्ट्राध्यक्ष ठिय्याच्या जागी जाऊन आंदोलकांना भेटले. परदेशी सरकारांचा दबाव होता, न्यायालयाचे काही निर्णय उपयोगी पडले, हे मान्य. पण त्या न्यायालयाला रस्त्यावरच्या माणसांचा आवाज ऐकू येत नव्हता काय?

येथे आपल्यातलेच कोणी विचारतील, की बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सत्याग्रह, असहकार हे मार्ग सोडायला सांगितले होते, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु त्या भाषणाची अट विसरू नका. संवैधानिक मार्ग खुले असताना हे मार्ग अराजकाचे ठरतात, असे ते म्हणाले होते. ग्वाटेमालात दाराचे राखणदारच दार लावून बसले होते. आदिवासींनी कायदा मोडा असे म्हटले नाही. कायदा पाळा असे म्हटले. रस्ते अडल्याने हातावर पोट असणाऱ्यांचेही हाल झाले, हे नाकारता येत नाही. म्हणूनच असे हत्यार रोज उपसायचे नसते.

हे दूरच्या देशातले म्हणून सोडून देऊ नका. तामिळनाडूच्या मदुराई जिल्ह्यातील मेलवलवू गावी पंचायतीचे अध्यक्षपद अनुसूचित जातींसाठी राखीव झाले. मुरुगेसन निवडून आले आणि ३० जून १९९७ रोजी त्यांच्यासह सहा दलितांची हत्या झाली. त्याच जिल्ह्यात पाप्पापट्टी, कीरिपट्टी आणि नाट्टारमंगलम या गावांत २००६ पर्यंत दलित अध्यक्षाला कारभार करू दिला गेला नाही. कायद्याने खुर्ची दिली. गावाने बसू दिले नाही. आपल्याकडेही राखीव जागेवरच्या सरपंचाला दप्तर न मिळणे, अविश्वास ठरावाची टांगती तलवार असणे हे कोणाला ठाऊक नाही?

प्रस्थापित सूडही विसरत नाहीत. शपथविधीनंतरही पोर्रास पदावर कायम राहिल्या; कारण महाअभियोक्त्याला गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय राष्ट्राध्यक्षाला काढता येत नाही. आरेवालोंच्या पक्षाला विधिमंडळात १६० पैकी २३ च जागा होत्या. एप्रिल २०२५ मध्ये त्या ठिय्याचे नेते लुइस पाचेको आणि एक्तोर चाक्लान यांना अटक झाली. आरोप कोणता? दहशतवाद! मताचे रक्षण करणारा दहशतवादी आणि मतपेटी फोडणारा कायद्याचा रक्षक! पाचेको तेव्हा नव्या सरकारात उपमंत्री होते, तरी त्यांना वाचवता आले नाही.

कार्यकर्त्यांनी यातून एकच गोष्ट घ्यावी. आपण मतदानापर्यंत राबतो, गुलाल उधळतो आणि घरी जातो. निवडून दिलेल्या माणसामागे दुसऱ्या दिवशी कोण उभे असते? त्याला दप्तर मिळाले का, त्याच्यावरचा खटला कोण लढवतो, अविश्वास ठरावाच्या दिवशी गावात किती माणसे हजर असतात? प्रत्येक तालुक्यात चार वकील आणि चाळीस माणसे या कामासाठी उभी राहिली, तर निवडून आलेला माणूस एकटा पडणार नाही. आणि आपली मुले महाविद्यालयात हा खेळ खेळणार असतील, तर त्यांनी संयोजकांकडे मतदारांसाठी एक खुर्ची जरूर मागावी. नसेल दिली, तर स्वतःच आणून मांडावी.