परदेशी विद्याभ्यास आणि शेतकऱ्याची जमीन

राजूर येथे अंगारकी चतुर्थीस महागणपतीच्या दर्शनासाठी जो समुदाय लोटतो, त्याच्या वाटेवर पूर्वी बी-बियाणे, खते व अवजारे यांच्याच जाहिराती लागत. अलीकडे त्यांच्या शेजारी आणखी एक फलक दिसू लागला आहे. त्यावर डॉक्टरच्या पांढऱ्या अंगरख्यातील तरुणाचे चित्र, पाठीमागे बर्फाने झाकलेली इमारत, आणि खाली परदेशी जाऊन डॉक्टर होण्याचे आवतण असते. फलक शहरातील दलालाचा. पण त्याची दृष्टी आमच्यासारख्यांच्या सातबाऱ्याकडे असते, हे ओळखण्यास फार चातुर्य लागत नाही. सबब ह्या विषयावर शेतकऱ्यांच्या मासिकात चार शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथमच सांगितले पाहिजे की, परदेशी विद्याभ्यासास आमचा विरोध नाही. वर्धा येथे जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे अमेरिकेत जाऊन शेतकीशास्त्र शिकले व १९१३ साली वॉशिंग्टन संस्थानातील सरकारी कॉलेजातून त्यांनी उच्च पदवी घेतली. क्रांतिकार्यात पडल्यामुळे त्यांस स्वदेशी परतणे अशक्य झाले, तेव्हा मेक्सिको देशात चापिंगो येथील शेतकी विद्यालयात अध्यापक होऊन त्यांनी मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि तेथील गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावच्या शेतकरी घराण्यातील पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेस गेले, डॉक्टर व बॅरिस्टर होऊन परतले, आणि पुढे १९५२ पासून दहा वर्षे देशाच्या शेतकी खात्याचे मंत्री होते. अशी माणसे ज्या प्रांताने पाहिली, त्याने मुलांस परदेशी जाऊ नका म्हणणे शोभणार नाही.

परंतु ह्या संबंधात सर्वांत बोधप्रद चरित्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली व ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. किती पैसा, किती मुदत आणि परतल्यावर बडोदे संस्थानाची दहा वर्षे नोकरी, हे सर्व आधी करारात लिहिलेले होते. पुढे लंडनमधील अभ्यास अर्ध्यावर असताना मुदत संपली आणि १९१७ साली त्यांस परत यावे लागले. वाटेत ग्रंथांची पेटी जहाजाबरोबर बुडाली ती निराळीच. त्यांनी मुंबईस सिडनहॅम कॉलेजात अध्यापकी केली, पैसा साठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य व एका पारशी मित्राकडून कर्ज घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठून १९२३ साली डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळविली. मधल्या काळात, १९१८ साली, त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेततुकड्यांच्या प्रश्नावर निबंध लिहिला. आमच्या बांधाबांधावरच्या दुखण्याचा विचार त्या विद्येने असा केला. आजच्या आईबापांनी ह्या चरित्रातून पदवीपेक्षाही त्या अर्ध्यावरच्या परतीचा धडा घ्यावा असे मला वाटते. एवढ्या बुद्धिमान पुरुषासही मध्येच परतावे लागले. परतता आले, म्हणूनच पुन्हा जाता आले.

आता जे लिहावयाचे ते माझ्याच घरातले आहे. लिहिताना संकोच होतो. तथापि लिहिणे प्राप्त आहे.

२०१६ साली माझ्या धाकट्या बंधूने आपल्या मुलास परदेशी वैद्यकीय शिक्षणास पाठविण्यासाठी विहिरीलगतची चार एकर जमीन विकण्याचे ठरविले. मी तेव्हा महसूल खात्यात कारकून होतो. बंधू म्हणाला, "दादा, कागद तेवढे तुम्ही पाहा." मी ते पाहिले. चतुःसीमा ताडून पाहिल्या, जुने फेरफार काढले, पोटहिस्सा तपासला, सोसायटीच्या कर्जाचा बोजा कमी करविला. २००५ च्या कायद्याने मुलीही वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सेदार झाल्या आहेत, म्हणून पुतणीची संमतीची सही घेतली. खरेदीखतात काना-मात्रेची चूक राहू दिली नाही. परंतु ज्या कामासाठी हा व्यवहार चालला होता, त्याचा एकही कागद मी मागितला नाही. ते कॉलेज कोणते, शिकविण्याची भाषा कोणती, तेथून परतलेली मुले आज काय करतात, हे मी विचारले नाही. आणि जिची सही घेतली त्या मुलीस तिला काय शिकावयाचे आहे, हेही कोणी विचारले नाही.

मुलगा गेला. पहिली दोन वर्षे सर्व ठीक आहे असे कळवीत असे. पुढे फोन कमी झाले. सहा वर्षांनी पदवी घेऊन तो परत आला तेव्हा समजले की, वर्गात इंग्रजी असले तरी रुग्ण त्यांचीच भाषा बोलत, आणि रुग्णाजवळ उभे राहून जे शिकावयाचे ते बरेचसे कच्चे राहिले होते. परदेशी पदवी घेऊन आलेल्यांस येथे व्यवसाय करण्यापूर्वी जी चाळणी परीक्षा द्यावी लागते, तीत तीनशेपैकी दीडशे गुण हवेत. ती परीक्षा तो तीनदा नापास झाला. एके रात्री अंगणात बसून मला म्हणाला, "काका, दुसऱ्याच वर्षी मला कळले होते की हे जमत नाही. पण विहिरीजवळचे रान गेले होते. मग कोणत्या तोंडाने परत येतो म्हणू?"

ह्या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते. जमीन विकून पाठविलेल्या मुलास नापास होण्याची मोकळीक राहत नाही, आणि ती नाही म्हणून तो खरे बोलू शकत नाही, हे मला तेव्हा प्रथम समजले. आपण समजतो की जमीन विकून आपण मुलासाठी त्याग केला. त्याच्या दृष्टीने आपण त्याच्या परतीच्या वाटेवर कुंपण घातलेले असते.

माझे शिक्षण मराठी शाळेपुरतेच झाले. विद्यापीठांचे गुणदोष मी काय सांगावे? पण कागद कसा पाहावा हे मी नोकरीत शिकलो, व शेतकऱ्यासही ते उपजत येते. जमीन घेताना आपण दलालाच्या शब्दावर विसंबत नाही; सातबारा काढतो, शिवारात जाऊन बांध पाहतो, शेजाऱ्यास विचारतो. तीच रीत येथे लावावी.

वैद्यकीय शिक्षणाचा सातबारा म्हणजे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचे नोव्हेंबर २०२१ चे नियम होत. त्यांप्रमाणे परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिकविण्याचे माध्यम इंग्रजी हवे, त्याच संस्थेत आणखी १२ महिन्यांची उमेदवारी हवी, आणि त्या पदवीवर त्या देशातही व्यवसाय करता येत असला पाहिजे. येथे परतल्यावर पुन्हा १२ महिन्यांची उमेदवारी आहेच. येथील नीट परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून जाणे व्यर्थ होय. ह्यांपैकी एक अट जरी चुकली, तरी पदवी भिंतीवर टांगण्यापुरतीच उरते. दलालास ही प्रत्येक अट कागदावर दाखविण्यास सांगावे. तोंडी उत्तर हे उत्तर समजू नये. युद्धासारखे संकट तर कोणत्याच कागदावर लिहिलेले नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा अठरा हजारांहून अधिक भारतीयांस सरकारने विमाने पाठवून परत आणिले. त्यांत बहुतेक वैद्यकीय विद्यार्थीच होते.

दुसरी पाहणी खर्चाची. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे खरे आहे. परंतु तेथे राहण्याच्या खर्चाची हमी म्हणून सप्टेंबर २०२४ पासून वर्षास ११,९०४ युरो आधीच खात्यात ठेवून दाखवावे लागत. त्या वेळच्या भावाने ही रक्कम सुमारे पावणेअकरा लाख रुपये होते. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये होता. म्हणजे हे सुमारे २२० क्विंटल सोयाबीन झाले; एकरी आठ क्विंटल धरले तर सत्तावीस एकरांचे संपूर्ण पीक, तेही बियाणे, फवारणी व मजुरी वजा न जाता. शिवाय खर्च परकी नाण्यात व उत्पन्न रुपयात. २०१४ साली डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या अखेरीस तो पंच्याऐंशीवर गेला. पहिल्या वर्षाचा हिशेब शेवटच्या वर्षास पुरत नाही, तो ह्यामुळे.

तिसरी पाहणी पैसा कोठून आणावयाचा ह्याची. मोठ्या शैक्षणिक कर्जास बँका तारण मागतात, पण शेतजमीन सहसा स्वीकारीत नाहीत. कारण बँकांस तारण जप्त करून विकण्याचा अधिकार देणाऱ्या २००२ च्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी केलेली ही तरतूद योग्यच होय. परंतु बँकेने नाकारलेला शेतकरी मग सावकाराच्या दारी जातो. आणि सावकार गहाणखत करीत नाही, खरेदीखतच लिहून घेतो. पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याची बोली मात्र तोंडी. असे कागद मी नोकरीत पुष्कळ पाहिले. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली अशा जमिनीबद्दल जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो खरा, पण सिद्ध करता करता चपला झिजतात. मुलाच्या शिक्षणासाठी तोंडी बोलीवर खरेदीखत करून देऊ नये, एवढे तरी वाचकांनी ध्यानात धरावे.

मग गरिबाच्या मुलाने जाऊच नये काय? अवश्य जावे, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर जो विद्यार्थी गेला त्याच्या वाटेने जावे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांकरिता राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्र सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीत भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसही जागा आहे. इतर वर्गांकरिताही राज्याच्या अशा योजना आहेत. जागा मोजक्या असतात व त्या बहुतेक उच्च पदवीकरिता असतात. म्हणून बारावीनंतर लगेच पाठविण्याची घाई करू नये. मुलाने किंवा मुलीने परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा अन्यत्र आपल्या देशातच पहिली पदवी चांगल्या गुणांनी घ्यावी. नंतर नेदरलँड्समधील वाखेनिंगेनसारख्या शेतकी विद्यापीठाकडे, किंवा संशोधनास साहाय्यवेतन देणाऱ्या अमेरिकन विद्यापीठाकडे अर्ज करावा. तेव्हा वयही वाढलेले असते, आपणास काय शिकावयाचे हेही कळलेले असते, आणि मध्येच परतावे लागले तर हाती येथील एक पदवी असते. परतीची वाट म्हणतो ती हीच.

आमच्या मंडळास एक सूचना करून लेख आवरता घेतो. बियाणे नवे आले की आपण आधी दोन गुंठ्यांवर लावून पाहतो व अनुभव एकमेकांस सांगतो. तसेच आपल्या भागातून परदेशी जाऊन आलेल्या मुलामुलींस, यशस्वी व अयशस्वी दोघांसही, वर्षातून एकदा मंडळाच्या बैठकीस बोलवावे. ज्यास मुलास पाठवावयाचे आहे त्याने आपले कागद तेथे आणावे व त्यांच्याकडून वाचून घ्यावे. दलाल फक्त यशस्वी मुलांचे फोटो लावतो. दुसरी बाजू मंडळाखेरीज कोण सांगणार?

पहिल्या बैठकीस माझा पुतण्या येण्यास कबूल झाला आहे. तो चौथ्यांदा परीक्षेस बसत आहे. त्याच्या बहिणीने गेल्या वर्षी परभणीस शेतकीच्या उच्च पदवीकरिता नाव घातले असून ती बाहेरील विद्यापीठांची माहितीपत्रके मागवीत आहे. ह्या वेळी प्रत्येक कागद मी वाचतो, न कळल्यास तिजकडून समजावून घेतो, आणि उरलेल्या सहा एकरांच्या सातबाऱ्यास कोणी हात लावू नये असे बंधूस सांगून ठेविले आहे.

— एक सेवानिवृत्त महसूल कारकून, राजूर