फुटण्याचा हक्क कुणाचा?

अमेरिकन यादवी युद्धाचा विषय निघाला की आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या गप्पांमध्ये एक युक्तिवाद हमखास येतो. दक्षिणेतली राज्यं स्वतःच्या मर्जीने संघात आली होती, तशीच मर्जीने बाहेर पडत होती. लिंकनने त्यांना जाऊ दिलं असतं तर सहा-सात लाख माणसं मेली नसती. म्हणजे युद्ध फुटण्यामुळे झालं नाही, फुटू न दिल्यामुळे झालं. याच्या पाठोपाठ दुसरं विधान येतं, की गुलामगिरी हे मागाहून चिकटवलेलं कारण आहे आणि मूळ भांडण राज्यांच्या हक्कांचं होतं.

असं बोलणाऱ्यांपैकी गुलामगिरीचं समर्थन कुणीच करत नाही. त्यांना स्वातंत्र्याची चाड आहे, मोठ्या सरकारचा तिटकारा आहे आणि 'ज्याला नको त्याला जाऊ द्या' हे तत्त्व त्यांना स्वच्छ वाटतं. माझं भांडण त्या स्वच्छपणाशीच आहे. १८६०-६१ सालातल्या घटना क्रमाने लावून पाहिल्या तर हे तत्त्व कुठेच टिकत नाही.

सुरुवात राज्यांच्या हक्कांपासून करू. ६ नोव्हेंबर १८६० रोजी लिंकन निवडून आला. चौरंगी लढतीत त्याला जेमतेम ४० टक्के मतं पडली. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत त्याच्या नावाच्या मतपत्रिकाच वाटल्या गेल्या नव्हत्या. त्याच्या पक्षाची भूमिका अशी होती, की ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तिथे हात लावायचा नाही, पण पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत ती पसरू द्यायची नाही. मार्च १८६१मध्ये तर काँग्रेसने राज्यांमधल्या गुलामगिरीला कायमचं अभय देणारी घटनादुरुस्ती मंजूर करून राज्यांकडे पाठवली, आणि लिंकनने शपथविधीच्या भाषणात तिला आपली हरकत नसल्याचं सांगितलं. एवढं करूनही सात राज्यं परत आली नाहीत.

पहिलं राज्य फुटलं ते साउथ कॅरोलायना, २० डिसेंबर १८६० रोजी. आपण का फुटतोय याचं जाहीर निवेदन त्यांनी छापलं. त्यातल्या तक्रारी वाचण्यासारख्या आहेत. उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत. त्यासाठी केलेल्या केंद्रीय कायद्याला ती स्वतःच्या कायद्यांनी खीळ घालतात. न्यू यॉर्कमधली न्यायालयं तर गुलामांना घेऊन नुसतं राज्यातून जाऊही देत नाहीत. गुलामगिरीविरोधी संस्थांना तिथे मोकळं रान आहे. म्हणजे राज्यांचे हक्क वापरत होती उत्तरेतली राज्यं, आणि केंद्राने त्यांना वठणीवर आणावं अशी दक्षिणेची मागणी होती. मिसिसिपीने तर आपली सगळी भूमिकाच गुलामगिरीशी बांधलेली असल्याचं सरळ लिहून दिलं. नव्या कॉन्फेडरसीचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना इथल्या भाषणात सांगितलं, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, या तत्त्वावर आमच्या सरकारचा पाया उभा आहे.

'खरं कारण आयात कर होता' असंही सांगितलं जातं. त्या वेळी १८५७चा कर लागू होता आणि तो कमी दराचा होता. दर वाढवणारा मॉरिल कायदा मार्च १८६१मध्ये झाला, म्हणजे सात राज्यं निघून गेल्यावर, त्यांचे सिनेटर विरोध करायला सभागृहात उरले नव्हते तेव्हा.

बाहेर पडून या राज्यांनी जी घटना लिहिली तिच्यात तरी फुटण्याचा हक्क असेल, असं कुणालाही वाटेल. तो नाही. प्रास्ताविकात कायमस्वरूपी संघराज्याची भाषा आहे. गुलामांवरची मालकी मात्र नीट बांधून घेतली आहे. मालकाला आपल्या गुलामांसह कुठल्याही सदस्य राज्यातून जाण्याचा आणि तिथे राहण्याचा हक्क दिला आहे, आणि पुढे जे प्रदेश मिळतील तिथेही गुलामगिरीला संरक्षण दिलं आहे. न्यू यॉर्कसारखी आडकाठी करायची मुभा कॉन्फेडरसीतल्या एकाही राज्याला नव्हती.

आता 'जाऊ द्या'कडे येतो. आमच्या धंद्यात एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात मतभेद झाले की कुणीतरी फोर्क करतं. सगळ्या कोडची प्रत घ्यायची आणि आपल्या वाटेने निघायचं. मूळ प्रकल्पातली एक ओळही कमी होत नाही. माझ्या मते आमच्या मंडळींच्या डोक्यात देश फुटण्याचं चित्र हेच असतं, आणि घोळ इथेच होतो. देशाची प्रत निघत नाही. मिसिसिपी नदीला एकच मुख आहे आणि ते लुइझियानात आहे. वरच्या अर्ध्या डझन राज्यांचं धान्य त्या वाटेने समुद्राला लागत होतं. खुद्द लुइझियानाचा प्रदेश १८०३ साली संघाने फ्रान्सकडून दीड कोटी डॉलर मोजून घेतलेला होता. तो मर्जीने आला नव्हता, विकत आणला होता. मग जाताना तो एकट्या लुइझियानाचा कसा झाला? किल्ले, शस्त्रागारं, जकात कार्यालयं, टांकसाळी हे सगळं समाईक पैशातून उभं राहिलेलं. फुटलेल्या राज्यांनी त्यातलं बहुतेक वाटाघाटींची वाट न बघता ताब्यात घेतलं, आणि तेही लिंकन ४ मार्चला शपथ घेण्याआधी.

मावळता अध्यक्ष ब्युकॅनन याची भूमिका आमच्या मंडळींना आवडावी अशीच होती. त्याचं म्हणणं, राज्यांना फुटण्याचा हक्क नाही, पण त्यांना बळाने रोखण्याचा अधिकार केंद्रालाही नाही. म्हणजे चार महिने 'जाऊ द्या'चा प्रयोग प्रत्यक्षात झालाच. त्यात काय घडलं? ९ जानेवारी १८६१ रोजी चार्ल्सटन बंदरात सम्टर किल्ल्याकडे कुमक घेऊन निघालेल्या जहाजावर तोफा डागल्या गेल्या. ६ मार्चला कॉन्फेडरसीने एक लाख सैनिक भरती करायला मंजुरी दिली. लिंकनने ७५ हजारांची फौज मागितली ती १५ एप्रिलला, सम्टरवर १२ एप्रिलच्या पहाटे तोफा सुरू झाल्यानंतर.

इथे समोरच्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा मान्य करतो. लिंकनने फौज मागितल्यामुळेच व्हर्जिनिया, आर्कान्सा, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना ही चार राज्यं उलटली. सम्टर सोडून दिला असता तर एप्रिलमध्ये युद्ध पेटलं नसतं. पण मे महिन्याचं काय? नव्या सरहद्दीपलीकडे पाय टाकलेला प्रत्येक गुलाम मुक्त झाला असता, आणि त्याला पकडायला येणाऱ्या टोळ्या आता परक्या देशात शिरल्या असत्या. पश्चिमेकडच्या प्रदेशांवर दोघांचाही दावा होता, आणि एकट्या कॅन्ससमध्ये १८५४पासून त्या दाव्यापायी रक्त सांडत होतं. 'आम्हाला फक्त सोडून द्या' म्हणणाऱ्या कॉन्फेडरसीने सप्टेंबर १८६१मध्ये तटस्थ केंटकीत फौज घातली आणि १८६२मध्ये न्यू मेक्सिकोवर चाल केली. ज्या गोष्टीसाठी ती फुटली होती तिला नवी जमीन हवी होती.

शिवाय फुटणं एका रेषेवर थांबत नाही. पूर्व टेनेसीतल्या डोंगराळ भागात गुलाम थोडे आणि संघनिष्ठा मोठी. जून १८६१मध्ये तिथल्या प्रतिनिधींनी आम्हाला वेगळं राज्य होऊ द्या म्हणून अर्ज केला. टेनेसीने तो धुडकावला आणि पुढे तिथे कॉन्फेडरसीची फौज जाऊन बसली. व्हर्जिनियाचे पश्चिमेकडचे जिल्हे फुटले आणि २० जून १८६३ रोजी वेस्ट व्हर्जिनिया हे राज्य झालं, पण ते संघाच्या फौजेच्या आधाराने. स्वतः फुटताना पवित्र असलेला हक्क आपल्यातून कुणी फुटायला निघालं की बंड ठरतो. १३० वर्षांनी युगोस्लाव्हियात हेच झालं. क्रोएशिया फुटला तर क्रायनातले सर्ब क्रोएशियातून फुटले. बोस्नियाने १९९२मध्ये सार्वमत घेतलं तर तिथल्या बहुसंख्य सर्बांनी त्यावर बहिष्कार टाकला आणि आपलं वेगळं राज्य मांडलं. पुढची साडेतीन वर्षं तिथे काय झालं ते जगाने पाहिलं.

देश शांततेत वेगळे होतच नाहीत, असं मी म्हणत नाही. १९०५मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले, तेव्हा संघाची मालमत्ता लोकसंख्येच्या हिशेबाने दोनास एक अशी वाटून घेतली गेली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८मध्ये सांगितलं, की क्यूबेकला एकतर्फी फुटता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं तर उरलेल्या देशाला वाटाघाटींना बसावंच लागेल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १८६९मध्ये हेच दोन रस्ते सांगितले, क्रांती किंवा इतर राज्यांची संमती. साउथ कॅरोलायनाने संमती कधी मागितलीच नाही. निवडणूक हरल्यावर सहा आठवड्यांत ते बाहेर पडलं. हरलेल्याने दर वेळी देश मोडायचा ठरवला तर निवडणुकीला काय अर्थ उरतो, हा लिंकनचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो.

आणि 'राज्याची मर्जी' म्हणजे नक्की कुणाची? १८६०च्या जनगणनेत साउथ कॅरोलायनाची लोकसंख्या सात लाखांच्या थोडी वर होती. त्यातले चार लाखांहून जास्त गुलाम होते, म्हणजे ५७ टक्के. मिसिसिपीत ५५ टक्के. साउथ कॅरोलायनाच्या परिषदेत १६९ विरुद्ध शून्य मतांनी ठराव झाला, आणि ते १६९ जण बहुतेक सगळे गुलाममालक होते. पहिल्या सात राज्यांपैकी जनमत घेतलं ते फक्त टेक्ससने, आणि तेही गोऱ्या पुरुषांचं. ज्या राज्यात निम्म्याहून अधिक माणसं दुसऱ्याची मालमत्ता आहेत, त्या राज्याच्या मर्जीला स्वयंनिर्णय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे युद्ध आपल्यापासून फार लांबचंही नव्हतं. दक्षिणेचा कापूस अडकल्यामुळे खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि १८६५मध्ये युद्ध संपताच शेअर बाजार कोसळला. पण पुण्यात एका माणसाने त्या युद्धातून भावापलीकडचं काहीतरी उचललं. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काढलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. युद्ध कशावरून झालं याबद्दल त्यांच्या मनात गोंधळ नव्हता. त्यांनी ते खालच्या बाजूने पाहिलं होतं.

'जाऊ दिलं असतं तर माणसं वाचली असती' या वाक्यातला हिशेब वरच्या बाजूने मांडलेला आहे. त्यात १८६१ ते ६५मधले मृतदेह मोजले जातात. त्याआधी मळ्यांवर मेलेले, विकले गेलेले, पोरांपासून तोडलेले त्यात येत नाहीत. युद्ध न होता दक्षिण निघून गेली असती तर अकरा राज्यांतले पस्तीस लाख गुलाम आणखी किती पिढ्या तसेच राहिले असते, हेही त्यात येत नाही. त्यांच्यातले कित्येक जण मात्र स्वतःचा हिशेब करून मोकळे झाले होते. संघाच्या सैन्यात सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक लढले आणि त्यातले बरेचसे मळ्यांवरून पळून आलेले होते. फुटण्याच्या हक्कावर पुन्हा कधी वाद झाला, तर आधी त्यांची बाजू मांडा आणि मग आपण बोलू.