कपाटातली टेप

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर सायबर हल्ल्याने ठप्प झाले आणि नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस कागदावर करावी लागली. रुग्णालयाचा डेटा जातो तेव्हा रुग्णाची ॲलर्जी, जुनी शस्त्रक्रिया, चालू औषधे हे सारेच डॉक्टरांच्या नजरेआड होते.

‘आमच्याकडे बॅकअप आहे’ असे सगळेच सांगतात. पण तो त्याच नेटवर्कवरील डिस्कवर असेल, तर रॅन्समवेअर त्यालाही सोडत नाही. डिस्क हवीच, तिच्यावरून माहिती चटकन परत मिळते. मात्र एक प्रत यंत्रातून काढून कपाटात ठेवलेल्या चुंबकीय टेपवर असावी. २०११मध्ये सॉफ्टवेअरमधील दोषामुळे काही जीमेल खाती रिकामी झाली. वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रतीही त्यातून सुटल्या नाहीत. अखेर गूगलच्या कामी आली ती टेपच.

अर्थात, धूळ आणि दमटपणा टेपलाही सोसत नाही. शिवाय वाचून पाहिल्याशिवाय ती शाबूत आहे की नाही, हे कळत नाही. म्हणूनच आग विझवण्याची रंगीत तालीम होते, तशी माहिती परत मिळवण्याचीही तालीम रुग्णालयांना सक्तीची करावी. परत मिळवून न पाहिलेला बॅकअप हा निव्वळ भरवसा असतो, आणि भरवशावर उपचार होत नाहीत.