वॉर्डातील भांडणे : औषध वेळीच हवे

दिवसपाळीची सिस्टर आणि रात्रपाळीची सिस्टर यांच्यात अबोला असेल, तर त्याची पहिली झळ रुग्णाला बसते. पाळी बदलताना कागदावरचे तेवढे सांगितले जाते. रुग्ण रात्रभर घाबरून जागा होता, हे सांगायचे राहून जाते. म्हणून अशी भांडणे ‘कर्मचाऱ्यांची नेहमीची कुरबुर’ समजून सोडून देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

भांडणाचे निमित्त बहुधा क्षुल्लक असते. सुट्टी कोणाला मिळाली, बेडपॅन कोणी उचलायचे, असे काहीतरी. मूळ मात्र खोल असते. कर्करोगाच्या किंवा जळिताच्या वॉर्डात एखादा तरुण रुग्ण दगावला की, सर्वांनाच आतून अपराधी वाटते. ते बोलून दाखवायला जागा नसते. मग वड्याचे तेल वांग्यावर निघते.

लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातील परिचारिकांचा अभ्यास इसाबेल मेंझीज यांनी १९६० च्या सुमारास प्रसिद्ध केला. कामाचे तुकडे पाडून आणि भावना बाजूला ठेवायला लावून रुग्णालये ही घालमेल झाकतात, पण ती कमी होत नाही, असे त्यांना आढळले. त्याच शहरात मायकेल बॅलिंट यांनी १९५० च्या दशकात डॉक्टरांचे छोटे गट सुरू केले. तेथे डॉक्टर आपल्या रुग्णांविषयी आणि त्यांच्यामुळे मनात उठणाऱ्या भावनांविषयी मोकळेपणाने बोलत. आपल्याकडेही हे अशक्य नाही.

आठवड्यातून एकदा अर्धा तास डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय आणि आया यांनी एकत्र बसावे. आयाला वगळू नये. रुग्णाचा हात सर्वांत जास्त वेळ तिच्याच हातात असतो. बोलण्याची सक्ती मात्र कोणावरही करू नये. दोघांत वाद झाला, तर दोघांनाही मान्य असलेल्या ज्येष्ठासमोर तो लवकर मिटवावा. ‘तू नेहमी अशीच’ असे न म्हणता, ‘काल सलाईन संपल्याचे मला कळले नाही’ असे घडलेले तेवढेच सांगावे. चारचौघांत पाणउतारा करणे तर वरिष्ठांनी कटाक्षाने टाळावे.

अर्थात, एका सिस्टरवर दोघींचे काम टाकून वर गोडीगुलाबीची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. तेथे बैठक नव्हे, आणखी माणसे हवीत. जखम आत चिघळत असताना वरून पट्टी बांधून चालत नाही, हे आम्हा डॉक्टरांना तरी वेगळे सांगायला नको.