दहशतवाद, पुरावा आणि दिलेला शब्द

(द्वितीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

दहशतवादाला देशाची सीमा नसते, हे वाक्य वक्तृत्व स्पर्धांतून आपण इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कानावरून नुसते वाहून जाते. त्याच्या जोडीचे दुसरे वाक्य मात्र फारसे कोणी उच्चारत नाही. ते असे की, न्यायालयाला सीमा असते. पोलिसांच्या वॉरंटला सीमा असते. बॉम्ब ठेवणारा विमानात बसून काही तासांत परदेशी पोचतो, आणि त्याच्यामागे आपले कागद पोचायला वर्षे लागतात. ही दरी कशी बुजवायची, हाच आंतरराष्ट्रीय सहकार्याचा खरा प्रश्न आहे. मोठमोठ्या परिषदांतील भाषणांपेक्षा या साध्या प्रश्नाविषयी मला येथे लिहावेसे वाटते.

मी पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातून एस. टी.ने धुळ्याला कॉलेजात येते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे राज्यशास्त्रात काय शिकवतात याचा हिशेब मला घरी ओट्यावर द्यावा लागतो. कपाशीला भाव का नाही इथपासून थेट अमेरिकेपर्यंतचे सगळे प्रश्न माझ्या वाट्याला येतात. त्यातला एक ठरलेला. कसाबचे नाव निघाले की आमचे आबा म्हणतात, "त्याले इतला वरीस काबर पोसं?" पकडला त्याच रात्री गोळी का घातली नाही, चार वर्षे बिर्याणी का चारली, असे त्यांचे म्हणणे. बिर्याणीची गोष्ट खरी नव्हती. ती आपणच रचली होती, असे खटल्यातील सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत सांगून टाकले. पण आबांचा मूळ प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. तो कोट्यवधी लोकांच्या मनातला प्रश्न आहे, आणि शिकणाऱ्यांनी त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

माझे उत्तर असे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कराचीहून समुद्रमार्गे दहा जण मुंबईत उतरले. १६६ माणसे मेली. दहांपैकी नऊ मारले गेले. दहावा जिवंत हाती आला तो तुकाराम ओंबळे यांनी स्वतःच्या देहावर गोळ्या झेलल्या म्हणून. तो माणूस आपल्या देशाचाच नाही असे पाकिस्तान आरंभी सांगत होते. जानेवारी २००९ मध्ये त्यांना ते कबूल करावे लागले. मेलेला कसाब बोलला नसता. जिवंत कसाब, 'कुबेर' बोटीवर सापडलेली यंत्रे, आणि हल्ला चालू असताना इंटरनेटद्वारे सीमेपलीकडून येणारे फोन, या सर्वांची साखळी न्यायालयात जुळवावी लागली. ते फोन ज्या कंपनीच्या सेवेतून झाले ती अमेरिकेतल्या न्यू जर्सीतली होती. तिचे दप्तर भारतीय पोलीस उघडू शकत नव्हते. अमेरिकेच्या एफबीआयने ती माहिती मिळवली आणि तिच्या अधिकाऱ्यांनी मुंबईच्या खटल्यात साक्षी दिल्या. दोन्ही देशांत परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार २००१ साली झाला होता व २००५ पासून तो अमलात आला होता. म्हणजे त्या रात्रीच्या कितीतरी आधी कोणीतरी शांतपणे बसून एक कंटाळवाणा कागद तयार करून ठेवला होता. संकटाच्या वेळी तोच कागद कामाला आला.

मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाचा निकाल लागला, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. चार वर्षे लागली खरी. परंतु त्या चार वर्षांत जो पुरावा उभा राहिला, तो जगातल्या कोणत्याही देशाच्या टेबलावर ठेवता येतो. गोळीने एक माणूस मरतो, पण त्याला पाठवणारे अंधारातच राहतात.

पुढची गोष्ट तर आपल्या जळगावकरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये डेव्हिड हेडली याची साक्ष अमेरिकेतून दूरचित्र-जोडणीवरून मुंबईच्या न्यायालयाने नोंदवली. हल्ल्यापूर्वी मुंबईतल्या जागांची टेहळणी याच हेडलीने केली होती. अमेरिकेने त्याला ३५ वर्षांची शिक्षा दिली होती आणि गुन्हा कबूल करण्याच्या बदल्यात भारताच्या हवाली करणार नाही असे अभय दिले होते. तेव्हा मुंबईच्या न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केले. खटला होता मराठवाड्यातल्या गेवराईच्या झबिउद्दीन अन्सारीवर, ज्याला सौदी अरेबियाने २०१२ साली भारतात पाठवले होते. आणि पडद्यावरच्या हेडलीला प्रश्न विचारणारे सरकारी वकील होते निकम, ज्यांची वकिली जळगावच्या न्यायालयात सुरू झाली. एका खटल्यात तीन देश, आणि त्यांना जोडणारा एक खानदेशी वकील! आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय दिल्लीतल्या लोकांचा, असे समजणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी यावर जरा विचार करावा.

येथपर्यंत दुसऱ्यांनी आपल्याला काय दिले ते पाहिले. परंतु व्यवहार म्हटला की घेणे तसे देणे. परके देश आपल्याकडे काय मागतात? ते मागतात आपला शब्द.

१२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. त्यातला आरोपी अबू सालेम २००२ मध्ये लिस्बन येथे पकडला गेला. पोर्तुगालमध्ये फाशीची शिक्षा नाही, जन्मठेपही नाही. म्हणून भारत सरकारने लेखी हमी दिली की, त्याला फाशी देणार नाही व २५ वर्षांपेक्षा अधिक काळ तुरुंगात ठेवणार नाही. त्यानंतर नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारताच्या ताब्यात आला. इथे आल्यावर त्याच्यावर मूळ मागणीत नसलेली काही कलमे लावण्यात आली. २०११ मध्ये पोर्तुगालच्या न्यायालयाने भारताने अट मोडली असा ठपका ठेवला, आणि पुढे सीबीआयला काही कलमे मागे घ्यावी लागली. २०१७ मध्ये सालेमला जन्मठेप झाली. तेव्हा २५ वर्षांच्या हमीचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले की, सरकारने दिलेला शब्द सरकारला पाळावाच लागेल.

हे ऐकून अनेकांचे रक्त तापते. २५७ जणांच्या मरणाला जबाबदार असलेल्याला एक दिवस सोडायचे? ज्यांची माणसे गेली त्यांच्यापुढे उभे राहून मला याचे समर्थन करता येईल असे वाटत नाही. पण राष्ट्राच्या दृष्टीने हिशेब मांडला तर तो वेगळा येतो. हमी दिली नसती तर सालेम आलाच नसता. हमी मोडली तर पुढचा सालेम येणार नाही. आपल्याकडे सोयरीक जुळवताना घराण्याचा शब्द कसा आहे हे पाहतात. राष्ट्राराष्ट्रांतही तेच चालते. तहव्वूर राणाला अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या हवाली केले, ते तिथल्या न्यायालयांच्या सर्व पायऱ्या चढून झाल्यावर. भारतात आपला छळ होईल, असा त्याच्या बचावाचा एक मुद्दा होता.

हा छळाचा मुद्दा आपण मनाला लावून घेतला पाहिजे. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात विमानातून शस्त्रे टाकण्यात आली. त्या प्रकरणातला किम डेव्ही हा डेन्मार्कचा नागरिक. तो विमानात असल्याचे गुपित नाही. तरी २०११ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने, भारतीय कोठडीत त्याला मारहाण होण्याचा धोका आहे, असे म्हणून त्याला पाठवायला नकार दिला. २०२४ मध्ये पुन्हा नकारच मिळाला. आपण रागावून डेन्मार्कला नावे ठेवू शकतो. पण छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली आणि त्याला संसदेची व कायद्याची जोड देऊन तो अजून पक्का केलेला नाही, ही गोष्ट आपलीच आहे. "पोलिसांच्या हाती दिला की पोपटासारखा बोलेल" असे आपण सहज म्हणतो. तेच वाक्य परदेशातल्या आरोपीचा वकील आपल्याविरुद्ध न्यायालयात वाचून दाखवतो, आणि आपला आरोपी सुटतो. ज्यांना अतिरेक्यांचा सर्वांत जास्त राग येतो त्यांनीच या कराराचा आग्रह धरायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दूरची उदाहरणे पुरे झाली. धुळ्याहून मालेगाव एस. टी.ने तास-सव्वा तासाच्या अंतरावर आहे. माझा जन्म झाला त्याच वर्षी, ८ सप्टेंबर २००६ रोजी, तेथे स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे मेली. आधी पकडलेल्या नऊ जणांची काही वर्षे तुरुंगात गेली, आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्या खटल्यातील या आरोपींना दोषमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ रोजी त्याच गावात दुसरा स्फोट झाला. सहा जण गेले. त्या खटल्यातील सातही आरोपी जुलै २०२५ मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सुटले. पहिले आरोपी एका धर्माचे, दुसरे दुसऱ्या धर्माचे. त्यावरून आपल्या कट्ट्यांवर किती तावातावाने भांडणे होतात हे मी सांगायला नको. पण त्या भांडणात एक गोष्ट हरवते. जुलै २०२५ च्या त्या निकालापर्यंत तरी या दोन स्फोटांबद्दल कोणालाही शिक्षा झालेली नव्हती. निरपराध आत गेला काय किंवा अपराधी सुटला काय, मेलेल्यांच्या घरच्यांना न्याय मिळाला नाही तो नाहीच. तासाभरावरच्या गावातला खटला आपल्याला तडीस नेता येत नसेल, तर साता समुद्रापलीकडच्या न्यायाधीशाने आपल्या तपासावर कोणत्या भरवशावर विश्वास ठेवावा?

कोणी म्हणेल, इतके नियम आणि अटी कशाला? अतिरेकी तो अतिरेकी. येथे इतिहासातील एक प्रसंग आठवतो. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मार्सेल्स बंदरात बोटीतून उडी घेतली आणि ते पोहत फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले. तेथे त्यांना पकडून, कोणत्याही न्यायाधीशापुढे उभे न करता, इंग्रजांच्या हवाली करण्यात आले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. हवाली करण्यात अनियमितता झाली हे लवादाने १९११ मध्ये मान्य केले, तरी त्यांना परत करण्याचे बंधन इंग्लंडवर नाही असा निर्णय दिला. त्यावेळी अवघा महाराष्ट्र हळहळला. प्रत्यार्पणाचे नियम म्हणजे अपराध्याला दिलेली सवलत नव्हे, सत्तेच्या हाताला घातलेला लगाम आहे, हे मराठी माणसाने तेव्हाच अनुभवले आहे.

इंग्रज सरकार ज्यांना दहशतवादी म्हणे त्यांना आपण क्रांतिकारक म्हणतो. म्हणूनच दहशतवादाची व्याख्या करताना जगाचे एकमत होत नाही. भारताने १९९६ साली संयुक्त राष्ट्रांपुढे सर्वसमावेशक कराराचा मसुदा ठेवला. तो व्याख्येवरच अडून बसला आहे. मला वाटते, व्याख्येचा गाभा अवघड नाही. लोकलच्या डब्यात, कबरस्तानात, मंदिरात, हॉटेलात, ज्यांचे कोणाशी भांडण नाही अशा माणसांना ठार करून इतरांना घाबरवणे, याला कोणत्याही ध्येयाचा शालजोडीतला पेहराव चढवता येणार नाही.

व्याख्येची वाट न पाहताही पुष्कळ करता येते. दहशतवादाला लागतो पैसा, आणि पैसा मागे खूण ठेवतो. 'फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स' या १९८९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने पाकिस्तानला जून २०१८ पासून ऑक्टोबर २०२२ पर्यंत करड्या यादीत ठेवले. बँकांचे व्यवहार अडचणीत येऊ लागले. हाफिज सईदला संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००८ मध्येच यादीत टाकले होते, पण दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल पाकिस्तानी न्यायालयाने त्याला शिक्षा ठोठावली ती २०२० मध्ये. निषेधाच्या ठरावांनी जे झाले नाही ते हिशेबाच्या वह्यांनी काही अंशी केले. यादीतून नाव निघाल्यावर पुन्हा सैलपणा येतो हेही खरे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जण मारले गेले, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्राचे होते. म्हणून तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते.

मोठे देश स्वार्थी असतात, हा आक्षेप मला मान्य आहे. हेडलीला अमेरिकेने आपल्या सोयीसाठी राखून ठेवले. मसूद अझरचे नाव यादीत येण्याआधी चीनने वर्षानुवर्षे आडकाठी केली. ते आले मे २०१९ मध्ये. परंतु दुसऱ्याचा स्वार्थ आपल्या हातात नाही. आपल्या हातात तीन गोष्टी आहेत: तपास असा की त्याला परक्या न्यायालयातही छिद्र सापडू नये, कोठडी अशी की तिच्याबद्दल मान खाली घालावी लागू नये, आणि शब्द असा की तो सरकार बदलले तरी बदलू नये.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, या तिन्ही कामांना माणसे लागतात, आणि ती आभाळातून पडत नाहीत. परकी भाषा जाणणारे दुभाषे, हिशेब वाचणारे तपासनीस, फोन आणि संगणकातला पुरावा न बिघडवता हाताळणारे पोलीस, कायदा जाणणारे वकील, हे सर्व कुठल्यातरी तालुक्याच्या कॉलेजातूनच निघतात. ते आपल्यातून का निघू नयेत? ज्या तालुका न्यायालयात फिर्याद नीट लिहिली जाते, पंचनामा खरा होतो आणि साक्षीदाराची साक्ष वेळेवर नोंदली जाते, तेथे लागलेली सवयच उद्या लिस्बन आणि शिकागोच्या न्यायालयांत भारताच्या बाजूने उभी राहणार आहे.